आठ एमबीच्या जागेत कर्नल बसवताना

१९ एप्रिलला दुपारी आमच्या नव्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) मंजुरीपत्रावर शेवटची सही झाली. काम हातात घेतलं होतं १५ जानेवारी २०२४ला. म्हणजे पंचाण्णव दिवस. त्यातले निदान तीस दिवस, दोन-तीन गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर वाचले असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. छोट्या उपकरणासाठी पहिल्यांदाच लिनक्स कर्नल तयार करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी परिस्थिती सांगते. आमची उपकरणं ६४ बिटी आर्म प्रोसेसरवर चालतात. रॅम २५६ एमबी. फ्लॅशमध्ये कर्नलसाठी राखलेलं पार्टिशन ८ एमबीचं, आणि ते बदलता येत नाही. उपकरणं लोकांकडे बसवलेली आहेत, आणि दुरून पार्टिशनची मांडणी बदलताना वीज गेली तर ते यंत्र पुन्हा उठत नाही. आजवर आम्ही लिनक्सच्या ४.१४ मालिकेवर होतो. त्या मालिकेची देखभाल जानेवारी २०२४मध्ये संपली, त्यामुळे ६.१ वर जाणं भागच होतं.

पहिला बिल्ड (कोडपासून चालणारी फाइल बनवणं) २२ जानेवारीला झाला. एलझेडएमए पद्धतीने आवळूनही इमेज, म्हणजे फ्लॅशवर जाणारी कर्नलची फाइल, ९.४ एमबी. पुढच्या दुरुस्त्यांसाठी थोडी मोकळी जागा हवी म्हणून मी माझी मर्यादा ७.७५ एमबी ठरवली होती. म्हणजे दीड एमबीहून जास्त कापायचं होतं.

सुरुवातीलाच एक गैरसमज आडवा आला. टीममधल्या एका सहकाऱ्याने सुचवलं, डीबग इन्फो (दोष शोधायला जोडलेली माहिती) बंद कर, आकार निम्म्याने उतरेल. बंद केलं. व्हीएमलिनक्स, म्हणजे बिल्डमधून निघणारी न आवळलेली मूळ फाइल, शेकडो एमबींवरून दोन अंकी एमबींवर आली, आणि उपकरणावर जाणारी इमेज मात्र जवळपास होती तेवढीच राहिली. कारण सरळ आहे. डीबग इन्फो, म्हणजे ड्वार्फ स्वरूपातली माहिती, व्हीएमलिनक्समध्ये असते, फ्लॅशवर जाणारी इमेज बनवताना ती गाळली जाते. ती यंत्रावर कधी जातच नाही, तर तिथली जागा कशी वाचेल? अर्धा दिवस यात गेला, पण पुढे सगळं ज्यावर उभं राहिलं ती गोष्ट इथेच कळली: डीबगिंगसाठी लागणारी बहुतेक माहिती यंत्रावर असण्याची गरजच नसते. ती आपल्याकडे असली की पुरते. यंत्राने फक्त नेमका ठावठिकाणा सांगायला हवा. मी डीबग इन्फो त्याच संध्याकाळी परत चालू केलं.

याला एक अपवाद आहे आणि तो फसवा आहे. बीटीएफ, म्हणजे कर्नलमधल्या डेटाच्या प्रकारांचं वर्णन. नाव डीबग इन्फोच्या रांगेतच दिसतं, पण त्याचा विभाग इमेजमध्ये जातो आणि रॅममध्येही बसतो. ते ज्याला लागतं ते बीपीएफ (चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) आम्ही वापरत नाही, तरी कुठून तरी उचललेल्या कॉन्फिगमधून (कर्नलच्या पर्यायांची फाइल) तो पर्याय आला होता. तो बंद केला आणि जवळपास ०.७ एमबी सुटले. त्याआधी आमच्याकडे नसलेल्या चिप-कुटुंबांचे ड्रायव्हर काढून ९.४ चे ८.६ केले होते. आता ७.९.

मोजण्याबद्दल एक सांगते. कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये ब्लोट-ओ-मीटर नावाची स्क्रिप्ट आहे. दोन व्हीएमलिनक्स दिले की कोणतं फंक्शन किती वाढलं किंवा घटलं ते दाखवते. फार कामाची आहे, पण ती सिम्बॉल, म्हणजे नाव असलेली फंक्शन आणि डेटा, मोजते. प्रिंटकेच्या (कर्नलच्या लॉगमध्ये छापणारं फंक्शन) संदेशांमधल्या मजकुराला स्वतंत्र सिम्बॉल नसतो, त्यामुळे तो तिला दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक बिल्डनंतर तीन आकडे लिहायचे: ब्लोट-ओ-मीटरची बेरीज, साइझ कमांडचे विभाग आणि आवळलेल्या इमेजचे बाइट्स. एका वेळी एकच पर्याय बदलायचा. बिल्डला चाळीस मिनिटं लागायची, त्यामुळे दिवसाला आठ-नऊ प्रयोगांपलीकडे जाता यायचं नाही. कंटाळा यायचा. पण चार पर्याय एकदम बदलले की कुणी किती जागा दिली हे कळत नाही, आणि पुढे सुरक्षा परीक्षकांसमोर प्रत्येक पर्यायाचा हिशोब द्यावा लागतो.

५ फेब्रुवारीला मी कॅलसिम्स बंद केलं. सगळ्यात मोठी चूक ती हीच. कॅलसिम्स म्हणजे कर्नलने स्वतःजवळ बाळगलेली फंक्शनच्या नावांची यादी. कर्नल कोसळला की लॉगमध्ये नुसत्या पत्त्याऐवजी ‘अमुक फंक्शन, सुरुवातीपासून इतके बाइट्स’ असं छापलं जातं ते या यादीमुळे. नावं साठवताना वारंवार येणारे अक्षरगट २५६ खुणांमध्ये आवळलेले असतात, तरी ही यादी बरीच जागा खाते. बंद केल्यावर इमेज ७.४ झाली. मर्यादेच्या आत आल्याचा मला आनंद झाला आणि मी पुढे सरकले.

त्याच आठवड्यात केएएसएलआर तपासलं. दर वेळी बूट होताना कर्नल वेगळ्या पत्त्यावर बसावा, म्हणजे हल्लेखोराला अंदाज येऊ नये, यासाठीची ही सोय. कॉन्फिगमध्ये ती चालू होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. बूट लॉग ओळ न् ओळ वाचला तेव्हा दिसलं, सीड (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) न मिळाल्याने केएएसएलआर बंद आहे असं कर्नल स्वतःच सांगत होता. आर्म ६४ वर बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन) चोझन नोडमध्ये यादृच्छिक सीड द्यावा लागतो. आमचा बूटलोडर तो देत नव्हता. कॉन्फिगमध्ये खूण आहे म्हणजे संरक्षण आहे, असं कधी धरू नका. बूट लॉगमध्ये पाहा. बूटलोडरमधला बदल दोन दिवसांत झाला, त्याच्या मंजुरीला आठवडा लागला.

१२ फेब्रुवारीला सुरक्षा तपासणीचा अर्ज टाकला. तारीख मिळाली ४ मार्चची. तेवढ्या वेळात वीस उपकरणं सलग चालवून ठेवायची चाचणी सुरू केली.

२७ फेब्रुवारीला पहाटे त्यातलं एक पडलं. सीरियल कन्सोलवर ऊप्स, म्हणजे कर्नलमधल्या गंभीर चुकीचा अहवाल, होता. पण कॉल ट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती साखळी) एकही नाव नव्हतं, फक्त सोळा अंकी पत्त्यांची रांग. ते पत्तेही केएएसएलआरने सरकवलेले, कारण आता सीड मिळत होता. पॅनिक (कर्नलने स्वतःहून पूर्ण थांबणं) झालं असतं तर कर्नलने शेवटी किती सरकलो ते छापलं असतं. पण ऊप्सवर पॅनिक करण्याचा पर्याय आम्ही लावला नव्हता. ऊप्सनंतर यंत्र थोडं रेंगाळलं आणि वॉचडॉगने (अडकलेलं यंत्र आपोआप पुन्हा सुरू करणारा घटक) ते रीसेट केलं. किती सरकला होता, ते त्याच्याबरोबरच गेलं.

दोन दिवस मी कागद-पेन घेऊन बसले. आमच्या मांडणीत कर्नल २ एमबीच्या पटीतच सरकतो, म्हणजे पत्त्याचे खालचे एकवीस बिट तसेच राहतात. त्यामुळे प्रत्येक पत्त्यासाठी व्हीएमलिनक्समध्ये मोजकेच उमेदवार उरतात. शिवाय परतीच्या पत्त्याच्या लगेच आधीची सूचना ही फंक्शन बोलावणारीच असायला हवी. या दोन चाळण्यांतून सगळी साखळी जुळेल असं एकच सरकण उरलं. २९ फेब्रुवारीला संध्याकाळी पत्ता लागला: आमच्याच ड्रायव्हरमधला टायमर. उपकरण काढताना तो नुसता रद्द केला जात होता. दुसऱ्या कोअरवर आधीच सुरू झालेला त्याचा कॉलबॅक (वेळ झाली की चालणारं फंक्शन) संपेपर्यंत थांबायला हवं होतं, ते होत नव्हतं. मोकळ्या केलेल्या मेमरीवर तो लिहीत होता.

खात्रीसाठी केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) लावलेला कर्नल बनवला. तो ८ एमबीत बसण्याचा प्रश्नच नव्हता, पण बसवायची गरज कुठे आहे? बूटलोडरमधून नेटवर्कवरून थेट रॅममध्ये उतरवला. जेनेरिक केसॅन एकूण मेमरीचा एक अष्टमांश भाग छायेसाठी, म्हणजे स्वतःच्या नोंदींसाठी, घेतं, म्हणजे आमच्याकडे ३२ एमबी, आणि वेग साधारण तिपटीने घटतो. चाचणीला ते परवडतं. वीस मिनिटांत त्याने नेमकी ओळ, मेमरी कुणी घेतली आणि कुणी सोडली, हे सगळं समोर ठेवलं. चाचणीचा कर्नल आणि लोकांकडे जाणारा कर्नल हे वेगळे असू द्या. हे मला तिसऱ्या आठवड्यातच सुचायला हवं होतं.

४ मार्चच्या बैठकीला गेले ती कॅलसिम्स परत हवं हे ठरवूनच. परीक्षकांच्या यादीत उलट लिहिलं होतं: ‘सिम्बॉल टेबल काढलेलं आहे, योग्य.’

मी म्हटलं, “ते परत घालावं लागेल.”

“का? नावं दिसली की हल्लेखोराचं काम सोपं होतं. तुमची जागाही वाचते आहे. दोन्हीकडून फायदाच आहे की.”

त्यांचं म्हणणं वरवर बिनतोड वाटतं. मलाही त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. आठवडाभर मी कर्नलचा छपाईचा कोड वाचला आणि ११ मार्चला दोन लॉग शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा भेटले. संदेशात परसेंट-पी-एस हे छपाईचं रूप वापरून पत्ता छापला, तर कॅलसिम्स असताना नाव आणि अंतर येतं. कॅलसिम्स नसताना कर्नलजवळ नावच नसतं, मग तो खरा पत्ता जसाच्या तसा छापतो. म्हणजे नावं लपवायच्या नादात आम्ही प्रत्येक कॉल ट्रेसमध्ये आणि ड्रायव्हरच्या अशा प्रत्येक संदेशात उघडे पत्ते टाकत होतो. एक पत्ता कळला की केएएसएलआरचं सरकण कळतं. आणि नावांचं म्हणाल, तर आमची अपडेट फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतं. आत काय आहे हे ज्याला शोधायचंच आहे, त्याला नावांच्या यादीवाचून फार अडत नाही. त्याला हवा असतो तो चालू यंत्रातला पत्ता.

परीक्षक शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी रजिस्टरच्या ओळींवर बोट ठेवलं. ऊप्समध्ये रजिस्टरं छापली जातात आणि त्यांत उघडे पत्ते असतातच, नावं असोत वा नसोत. ते बरोबर होतं. त्यामुळे कर्नल लॉगच सामान्य प्रोसेसला वाचता येणार नाही, हे आधी पक्कं करायचं ठरलं: डीमेसेज-रिस्ट्रिक्ट (लॉग वाचण्यावरचं बंधन) १ आणि केपीटीआर-रिस्ट्रिक्ट (कर्नलचे पत्ते दाखवण्यावरचं बंधन) २. दोन्ही बूटच्या सुरुवातीलाच लागू. या दोन्हींना आकाराचा खर्च नाही.

त्यांच्या अहवालात दुसरा मोठा मुद्दा परसेंट-पी-एक्सचा होता. ४.१५ पासून साधं परसेंट-पी खरा पत्ता छापत नाही, त्याचं हॅश केलेलं, म्हणजे मूळ पत्ता ओळखू येणार नाही असं, रूप छापतं. ४.१४ वरून आलेल्या आमच्या ड्रायव्हरमध्ये हे पहिल्यांदाच समोर आलं. लॉगमधले पत्ते जुळेनात म्हणून कुणीतरी सगळीकडे परसेंट-पी-एक्स करून टाकलं होतं, म्हणजे उघडा पत्ता. मी चाळीसएक जागा एकेक करून पाहिल्या. खरा पत्ता लागेल अशी एकही निघाली नाही. बहुतेक ठिकाणी ‘हा तोच बफर आहे का’ एवढंच पाहायचं होतं, आणि एका बूटमध्ये तोच पत्ता दर वेळी त्याच हॅशने छापला जातो, त्यामुळे साधं परसेंट-पी पुरतं. काही ठिकाणी फंक्शनचा पत्ता होता, तिथे परसेंट-पी-एस. उरलेल्या ओळी काढूनच टाकल्या. चाचणीच्या बेंचवर कधी खरे पत्ते हवेच असतील तर नो-हॅश-पॉइंटर्स हे बूट पॅरामीटर आहे. कोडला हात लावावा लागत नाही.

कॅलसिम्स परत घालायचं म्हणजे जागा शोधणं आलं. त्याच्या जोडीचा कॅलसिम्स-ऑल पर्याय बंद ठेवला. त्याने डेटा सिम्बॉलही यादीत येतात, आणि त्याच्या माहितीतच ३०० केबीच्या आसपास वाढ होऊ शकते असं लिहिलेलं आहे. कॉल ट्रेसला फंक्शनची नावं पुरतात. इमेज ७.८ झाली.

मग डीबगएफएस आणि डायनॅमिक डीबग (डीबगचे संदेश हवे तेव्हा चालू करण्याची सोय) काढले. एफट्रेस आणि केप्रोब्स (चालू कर्नलमधल्या फंक्शनांवर नजर ठेवण्याच्या सोयी) कॅलसिम्सवर अवलंबून असल्याने ते बंद करतानाच गेले होते, ते परत आणले नाहीत. इथे सुरक्षा आणि आकार एकाच बाजूला असतात. डीबगएफएस ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची मोकळी खिडकी आहे, तिथे काय उघडं पडतं यावर कुणाचा नीट पहारा नसतो. एफट्रेससाठी आर्म ६४ वर प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी दोन रिकाम्या सूचना पेरलेल्या असतात, म्हणजे फंक्शनमागे आठ बाइट्स, शिवाय त्या जागांची यादी वेगळी. डायनॅमिक डीबगने कर्नलचा मजकूर साधारण २ टक्के वाढतो. हे सगळं चाचणीच्या कर्नलमध्ये आहे, लोकांकडच्या कर्नलमध्ये नाही. आकार ७.५.

स्टॅक प्रोटेक्टरचं (फंक्शनच्या स्टॅकवर हद्दीबाहेर लिहिलं गेलं का ते तपासणारी सोय) कडक रूप मी ठेवलं. कर्नलच्याच नोंदीनुसार एक्स८६ च्या ठरावीक बिल्डवर त्याने कोड सुमारे २ टक्के वाढतो आणि जवळपास २० टक्के फंक्शनांना पहारा मिळतो. माझ्या मते कर्नलमध्ये इतक्या किमतीत इतकं देणारे पर्याय फार थोडे आहेत. बग-व्हर्बोजही ठेवलं. त्याची किंमत ७० ते १०० केबी सांगितलेली आहे, पण फाइल आणि ओळ क्रमांक थेट मिळतो.

केफेन्सवर मात्र आमची बरीच चर्चा झाली. ते मेमरीच्या चुका पकडायला मोजक्याच मेमरी मागण्यांवर नजर ठेवतं, त्यामुळे लोकांकडच्या यंत्रातही चालवता येतं. मूळ मांडणी २५५ वस्तूंची आहे, तिला २ एमबी रॅम लागते. आम्ही ६३ केल्या, म्हणजे ५१२ केबी. फ्लॅशवरची जागा आणि रॅममधली जागा हे दोन वेगळे हिशोब आहेत, हे इथे टीमला पुन्हा समजावून सांगावं लागलं. एका यंत्रात काही सापडण्याची शक्यता कमी, पण हजारो यंत्रं महिनोन्महिने चालणार असतात. तो टायमरचा दोष असाच कधीतरी पकडला गेला असता.

प्रिंटके पूर्ण बंद करून पाहण्याची सूचनाही आली होती. संदेशांचा मजकूरच इमेजमधून जातो, त्यामुळे जागा भरपूर सुटते. मी नकार दिला. मुकं यंत्र सांभाळायचं कसं?

मार्चच्या मध्यात ऊप्सवर पॅनिक लावलं आणि रॅमऊप्स चालू केलं, म्हणजे पडण्याआधीचा लॉग राखीव रॅममध्ये राहतो आणि रीसेटनंतर वाचता येतो. दोन ठिकाणी अडले. आमचा बूटलोडर सुरुवातीलाच ती रॅम पुसत होता, ते थांबवावं लागलं. आणि नोंदीचा आकार मी ४८ केबी दिला होता, पण तो दोनच्या घातातच चालतो, नाहीतर खाली उतरवला जातो. आमचा ३२ झाला आणि लॉगचा जुना भाग कापला गेला. सरळ ६४ द्या.

आता कागदपत्रं. कॅलसिम्स ठेवायचं तर सुरक्षा नियमातून सवलत घ्यावी लागणार होती. १८ मार्चला फॉर्म भरला, २२ ला परत आला. कारणाच्या रकान्यात मी ‘डीबगिंगसाठी आवश्यक’ एवढंच लिहिलं होतं. असं लिहू नका. २५ मार्चला पुन्हा भरताना तीन गोष्टी लिहिल्या: ते नसताना काय घडलं (२७ फेब्रुवारीची घटना, दोन दिवस, लॉगची प्रत), त्याने काय उघडं पडतं आणि त्यावर काय उपाय केला (लॉग वाचण्यावरचं बंधन, केपीटीआर-रिस्ट्रिक्ट, परसेंट-पी-एक्सची सफाई), आणि सवलतीची जबाबदारी कुणाची. मंजुरी ९ एप्रिलला आली. अकरा कामाचे दिवस, मध्ये तीनदा विचारणा. सवलत सहा महिन्यांची आहे.

त्या रांगेत थांबले असताना एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या पोटात गोळा आला. आमचा बिल्ड सर्व्हर नव्वद दिवसांनी जुन्या फाइली आपोआप पुसतो. उपकरणं दहा वर्षं चालतात. व्हीएमलिनक्स पुसलं गेलं की लॉगमधलं नाव आणि अंतर यांवरून ओळ क्रमांक काढता येत नाही. पुन्हा बिल्ड करून तंतोतंत तीच फाइल मिळवायची, तर कंपायलरपासून सगळं तेच लागतं. म्हणून आणखी एक अर्ज केला. आता प्रत्येक प्रकाशित आवृत्तीचं व्हीएमलिनक्स, सिस्टम मॅप (नावं आणि पत्त्यांची यादी), कॉन्फिग आणि कंपायलरची आवृत्ती वेगळ्या, मोजक्या लोकांनाच खुल्या असलेल्या साठ्यात राहते. स्टॅक ट्रेसमध्ये बिल्ड आयडी छापण्याचा पर्यायही चालू केला आहे, म्हणजे लॉग कोणत्या व्हीएमलिनक्सचा याचा अंदाज करावा लागत नाही.

शेवटची इमेज ७.६ एमबी. ९ ते १९ एप्रिल वीस उपकरणं पुन्हा सलग चालली. यातल्या एकावर मी मुद्दाम कर्नल पाडला, रीसेटनंतर रॅमऊप्समधून लॉग काढला आणि डीकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्टला दिला. फाइल आणि ओळ मिळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग सही झाली.

एक प्रश्न अजून उघडा आहे. यूबीसॅन या चुका पकडणाऱ्या साधनातली ॲरेच्या सीमांची तपासणी आम्हाला हवी आहे, पण तिच्या संदेशांमुळे कर्नल ५ टक्क्यांच्या आसपास फुगतो. संदेशांऐवजी थेट ट्रॅप (चूक दिसताच काम तोडणारी सूचना) लावला तर आकार आवरतो, मात्र मग निरुपद्रवी चुकीवरही चालू काम मध्येच तुटतं, आणि आमच्याकडे ऊप्सवर पॅनिक असल्याने अख्खं यंत्र रीसेट होईल. सध्या ती फक्त चाचणीच्या कर्नलमध्ये, संदेशांसह आहे. ऑक्टोबरमध्ये कॅलसिम्सच्या सवलतीचं नूतनीकरण करताना हा मुद्दाही मांडायचा आहे. तोवर चाचणीत किती निरुपद्रवी इशारे येतात, ते रोज सकाळी वहीत नोंदवते आहे.